लाल बाण

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात सर्किट बोर्डांची जुळणी चाले. तिथला तरुण तपासनीस अनिकेत आयपीसी-ए-६१० ची परीक्षा पास होऊन आला, तेव्हा मालकांनी पेढे वाटले. कारखान्यातलं ते पहिलंच प्रमाणपत्र होतं.

हे ६१० म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जगभर वापरलं जाणारं तपासणीचं पुस्तक. पहिली आवृत्ती १९८३ ची. पानोपानी सोल्डरच्या जोडांची चित्रं: हा उत्तम, हा चालेल, हा दोष. पुस्तक मालाचे तीन वर्ग मानतं. पहिल्यात वस्तू चालली की झालं. दुसऱ्यात ती बरीच वर्षं विनातक्रार चालायला हवी. तिसऱ्यात ऐन वेळी बंद पडून चालणारच नाही, उदाहरणार्थ जीव वाचवणारं यंत्र. वर्ग बदलला की त्याच जोडाचा निकाल बदलू शकतो. आणि वर्ग ठरवण्याचा अधिकार तपासनिसाचा नाही, ग्राहकाचा. अनिकेतला हे सगळं तोंडपाठ होतं.

पहिल्याच आठवड्यात शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरचे बोर्ड आले. मायक्रोस्कोपखाली त्याला दिसलं, की एक चिमुकला कपॅसिटर पॅडवरून बाजूला सरकलाय, रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. दुसऱ्या बोर्डावर तेच, तिसऱ्यावरही तेच. शिवाय जोड मंद, खडबडीत. शिसं नसलेल्या सोल्डरचा जोड बऱ्याचदा असाच दिसतो आणि पुस्तक त्याला दोष म्हणत नाही. पण नव्या प्रमाणपत्राचा हात जरा सढळ असतो. संध्याकाळपर्यंत चाळीस बोर्डांवर लाल बाणांचे स्टिकर लागले.

रिवर्कला मंगलमावशी होत्या. शिक्षण दहावी, प्रमाणपत्र एकही नाही. त्यांनी पाच बोर्ड दुरुस्त केले. त्यातल्या दोनांचं पॅडच उखडून आलं. पुन्हा पुन्हा तापवलं की तांब्याला धरून ठेवणारा चिकटा सुटतो. मावशींनी आयर्न स्टँडवर ठेवलं आणि उरलेला ट्रे उचलून क्वालिटीच्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी अनिकेतला बोलावलं. “कशावरून रिजेक्ट केलेस?”

“सर, कपॅसिटर पाव रुंदीपेक्षा जास्त बाहेर गेलाय.”

“पाव कुठल्या वर्गाला?”

“तिसऱ्या.”

“आणि हा माल?”

अनिकेत गप्प. ड्रॉइंग त्याच्याच टेबलावर होतं, पण उघडलं नव्हतं. त्यावर ग्राहकाने वर्ग दोन लिहिला होता. दुसऱ्या वर्गात निम्म्या रुंदीपर्यंत चालतं.

“मला वाटलं, कडक तपासलेलं केव्हाही बरं,” तो पुटपुटला.

“त्या दोन बोर्डांना विचार,” साहेब म्हणाले. “सकाळी चांगले होते.”

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. “साहेब, पोराला दिसलं ते खोटं नाही. चाळीसही बोर्डांवर कपॅसिटर डावीकडेच सरकलाय. बोर्ड चालतील, पण मशिनीचं बघा.”

अनिकेत बोर्डावर भाग बसवणाऱ्या मशीनकडे धावला. बोर्ड पकडणारा क्लॅम्प सैल झाला होता, त्यामुळे बोर्ड दर वेळी किंचित हलत होता. आणखी सैल झाला असता, तर दुसऱ्या वर्गाचीही मर्यादा ओलांडली गेली असती. क्लॅम्प आवळला आणि पुढचे बोर्ड सरळ आले. अडतीस बोर्ड ग्राहकाकडे गेले, दोन भंगारात.

पुढच्या महिन्यात रुग्णालयातल्या मॉनिटरचा लॉट आला. या वेळी अनिकेतने मायक्रोस्कोपच्या आधी ड्रॉइंग उघडलं. वर्ग तीन. बारा बोर्डांवर कपॅसिटर सरकलेला, पुन्हा एक तृतीयांशच. गाडी दाराशी लागली होती. डिस्पॅचवाला तणतणत आला, “अरे, पंपाचे असलेच सोडले होतेस की! मग आता काय झालं?”

अनिकेतने ड्रॉइंगवरच्या आकड्यावर बोट ठेवलं, बारा बोर्डांवर लाल बाण लावले आणि मशीन तपासायला माणूस पाठवला. गाडी बारा बोर्ड कमी घेऊन गेली.