भाकर मोडली आणि डोळे उघडले

आजचं वाचन: लूक 24:13-35



येशूला क्रुसावर दिलं त्याचा हा तिसरा दिवस. दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघालेत. साधारण 11 किलोमीटरची वाट. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव लूक सांगत नाही. सगळी आशा संपलेली. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना सोबत करतो. तो स्वतः येशूच असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत.

माझं गाव नेकनूर, बीड जिल्ह्यातलं. हे वाचन ऐकलं की मला आमचा मांजरसुंबा-केज रस्ता दिसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, लेकरंबाळं, सगळं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये. आमच्याकडे 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला पुढचे पाच-सहा महिने दुसऱ्याच्या फडात. अम्माऊसच्या वाटेवरही अशीच थकलेली दोघं होती, आणि येशू नेमका त्यांच्याच सोबत चालला.

आता वाचनातल्या दोन गोष्टी नीट बघूया.

पहिली गोष्ट. येशू वाटेत त्यांना शास्त्र उलगडून सांगतो. त्यांचं अंतःकरण पेटतं, तरी डोळे उघडत नाहीत. ते उघडतात जेवणाच्या वेळी. येशू भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. शेवटच्या भोजनाच्या वेळीही त्याने हेच केलं होतं. आपल्या मिस्सेचा क्रमही तोच आहे: आधी वचन, मग ख्रिस्तप्रसाद.

दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून पटकन निसटते. गाव जवळ आल्यावर येशू पुढे जायचा रोख दाखवतो. तो घरात घुसत नाही. ही दोघंच त्याला आग्रह करतात, की दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा. तो आग्रह झाला नसता तर? प्रवचन ऐकून झालं असतं, मनही भरून आलं असतं, पण भाकर मोडली गेली नसती. परक्या माणसाला थांबवलं, म्हणून ख्रिस्त ओळखता आला.

नेकनूरला दारावरून जाणाऱ्याला अजूनही म्हणतात, "या, भाकर खाऊन जा." शहरात आपण दाराच्या छिद्रातून बघतो. सकाळच्या चहात साखर ढवळताना ती कुणाच्या हातांतून आली हे आठवत नाही. रविवारी ख्रिस्तप्रसाद घेताना आपण 'आमेन' म्हणतो. मग सोसायटीचा वॉचमन, पार्सल आणणारा मुलगा, बांधकामावरची बाई यांच्याकडे बघायचं राहून का जातं? मत्तय 25 मध्ये तर येशू स्पष्टच सांगतो, परक्याला घरात घेतलंत ते मलाच घेतलंत.

'मिस्सा' हा शब्द लॅटिनमधल्या पाठवणीच्या शब्दावरून आलाय. म्हणजे वेदीपाशी जो भेटला, त्याला रस्त्यावर ओळखायला आपल्याला पाठवलं जातं.

आजचा संकल्प: रोज दिसणाऱ्या, पण नाव माहीत नसलेल्या एका माणसाला आज नाव विचारा. जमलं तर चहाला थांबवा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्या शेजारून चालतोस. तुझ्या वचनाने आमचं मन पेटव, तुझ्या भाकरीने आमचे डोळे उघड. तू परक्याच्या रूपात पुढे निघालास, तर तुला थांबवायची बुद्धी दे. आमेन.