आईला जाब विचारावा का?

(इंगमार बर्गमनचा ‘ऑटम सोनाटा’, १९७८, पाहून झाल्यावर)

मावशी : एव्हाने आईला घरी बोलावलं ते भेटायला, की खटला भरायला?

मी : भेटायलाच. सात वर्षं गाठ नाही. आईचा जोडीदार गेला, म्हणून तर मायेने पत्र लिहिलं.

मावशी : आणि हेलेना? आजाराने बोलणं-चालणं गेलेली धाकटी लेक. आईने, म्हणजे शार्लोटने, तिला संस्थेत ठेवलेलं. एव्हाने तिला घरी आणलंय, हे आई दारात येईपर्यंत सांगितलेलंच नाही.

मी : सांगितलं असतं तर ती आलीच नसती!

मावशी : तेच म्हणते मी. एव्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

मी : असेल. पण दोष कुणाचा ते उघड आहे ना? आई कायम पियानोच्या मैफलींच्या दौऱ्यावर. घरी असली की मुलीचे केस, दात, पुस्तकं, सगळं आपल्या मनासारखं करून घेणार. अठराव्या वर्षी मुलीला दिवस गेले, तर गर्भपात करायला लावला. इतकं सोसून मुलगी एका रात्री बोलली, तर ती निर्दय?

मावशी : पियानोचा प्रसंग आठव. एव्हा शोपँचा प्रेल्युड वाजवते आणि कसं झालं म्हणून आईला खोदून विचारते. आई सांगते, यातलं दुःख आवरलेलं आहे, रडवेलं नाही. मग स्वतः वाजवते. मी जन्मभर गाण्याच्या शिकवण्या केल्या. मीही तेच सांगितलं असतं.

मी : मुलीला ‘छान वाजवलंस’ एवढंच ऐकायचं होतं.

मावशी : खोटं?

मी : हो, आईने तेवढं खोटं बोलावं.

मावशी : म्हणजे आईने मुलीच्या वाजवण्याबद्दल खरं बोलायचं नाही, आणि मुलीने मात्र आईच्या अख्ख्या आयुष्याबद्दल खरं बोलायचं. हा कुठला न्याय?

मी : लहान मुलाला दुसरी आई निवडता येत नाही, मावशी. शार्लोटला गावोगाव श्रोते होते.

मावशी : हे मात्र मान्य. तरी ती काय म्हणते ऐकलंस ना? तिच्या आईवडिलांनी तिला कधी हातच लावला नाही, ना मायेने, ना मारायला. लेकीनेच आपल्याला कुशीत घ्यावं, असं तिला वाटायचं.

मी : लेकराच्या डोक्यावर हे ओझं?

मावशी : ओझंच. मी तिला सोडत नाहीये. पण बाई म्हणून तिचा हिशेब जरा जास्तच कडक होतो. शार्लोट झालेली इंग्रिड बर्गमन १९४९ मध्ये दहा वर्षांच्या मुलीला अमेरिकेत ठेवून इटलीला प्रियकराकडे, दिग्दर्शक रोसेलिनीकडे गेली, तेव्हा तिला किती शिव्याशाप मिळाले! आणि नऊ मुलांचा बाप असलेल्या इंगमार बर्गमनने इथे पिंजऱ्यात उभी केली ती आई.

मी : मग एव्हाने गप्प बसायचं?

मावशी : नाही, बोलायचं. पण समोरची मोडून पडेपर्यंत नाही. दोघी भांडत असतात तेव्हा हेलेना बिछान्यातून खाली येते, फरपटत बाहेर येते, आईला हाका मारते. प्रेम कुणाला मिळालं नाही यावर रात्रभर वाद चाललाय, आणि जिला ते आत्ता हवंय ती जमिनीवर पडलीय.

मी : हे सुटलंच होतं माझ्याकडून. पण शेवटी एव्हा आईची क्षमा मागणारं पत्र लिहिते, ते पटत नाही. चूक आईची आणि माफी मुलीची?

मावशी : मलाही नाही पटत. माफी मागायचीच होती, तर दोघींनी हेलेनाची मागायला हवी होती.