कोलिताचे कडे आणि दिंडीतले पाऊल

अंधारात कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे कडे दिसते. कडे कोठेच नाही. आहे तो एकटा निखारा. माण्डूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणास ‘अलातशान्ति’ हे नाव आहे ते यावरूनच. कोलीत हलल्याने सरळ-वाकडे आकार भासतात, तसे विज्ञानाच्या स्पंदनाने द्रष्टा आणि दृश्य भासतात, असा गौडपादाचार्यांचा आशय. पाठशाळेत हे घोकले तेव्हापासून माझी पक्की समजूत, की हलत्या वस्तूंना डोळा जी जोड घालतो ती सारी लबाडी!

पण सज्जनहो, उलटा दाखलाही आहे बरं का. स्वीडनमधील उपसाला येथील गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांदा, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर दहा-बारा उजळ ठिपके लावले आणि चित्रपट असा घेतला की ठिपक्यांवाचून काही दिसू नये. माणूस स्थिर असता पाहणाऱ्यास अर्थ लागेना. तो चालू लागताच मनुष्य चालतो आहे हे तत्काळ ओळखू आले. अंग नाही, तोंड नाही, नुसती चाल! येथे डोळ्याने जे जोडले ते खरोखरच जोडलेले होते. म्हणजे जोड खोटीच असते असे नाही, आणि खरीच असते असेही नाही.

बरोबर हलते ते एकाचे, असे डोळा धरून चालतो. जर्मनीत माक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली हा नियम मांडला. त्यात मी फसलो ते वारीत. टाळाच्या ठेक्यावर रांग चालली होती. एक टाळकरी मात्र दर पावलाला मागे राही. मी मनात म्हटले, याला ताल नाही. रात्री कीर्तनात बेतालांवर दोन बोचरे शब्द बोलून गेलो. लोक हसले, तोही समोरच बसला होता.

सकाळी जवळून पाहिले. त्याच्या उपरण्याचे टोक धरून एक आंधळे आजोबा चालत होते, आणि हा त्यांच्या पावलाशी पाऊल मिळवीत होता. मी त्याला रांगेशी जोडले. तो जोडलेला होता आजोबांशी.

आता दोष कोणाचा? डोळा निमिषात जोडतो, तेथे माझी इच्छा चालत नाही. त्याचे पाप मी माथी घेणार नाही. पण दुपारपासून रात्रीपर्यंत वेळ माझा होता. चार पावले मागे जाऊन पाहावे, एवढेच करावयाचे होते. ते केले नाही, आणि वर व्यासपीठावरून बोललो.

“माऊली, चुकलो,” म्हणून त्याच्या पाया पडलो. तोही माझ्या पाया पडण्यास वाकला. उपरणे खाली गेले, तसे आजोबाही वाकले.