राणी मुंगीचा बाजार

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की मुदखेड भागातल्या काकड्या-गुलाबाच्या मळ्यांतून, धुऱ्यांवरून, बाभळींच्या बुंध्यांतून पंखवाले मुंगळे बाहेर पडतात. त्यांतली जाड पोटाची, रुंद पाठीची मादी उड्डाण संपवून जमिनीवर उतरते. पाय मागे नेऊन ती स्वतःचे पंख मोडून टाकते आणि ओल्या मातीत शिरायला जागा शोधू लागते. ही राणी. नर लवकरच मरतात, पण या एका उड्डाणात राणीने साठवून घेतलेलं बीज तिला जन्मभर पुरतं. पुढे हजारो मुंगळ्यांचं जे वारूळ उभं राहणार असतं, ते सगळं त्या क्षणी तिच्या एकटीच्या पोटात असतं.

आपण तिला केरसुणीने लोटून देतो. युरोपात तिच्यासारख्या राण्या काचेच्या नळीत घालून विकल्या जातात.

एप्रिल 2025 मध्ये केनियातल्या नाकुरू भागात एका अतिथिगृहावर छापा पडला. दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे 5,000 मुंग्या सापडल्या. 2,244 नळ्यांमध्ये कापूस घालून त्या बंद केलेल्या होत्या, म्हणजे लांबच्या प्रवासात त्या जिवंत राहाव्यात. त्यांत आफ्रिकेतल्या दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या मुंगीच्या, मेसोर सेफॅलोटिसच्या, राण्या होत्या. ब्रिटनमध्ये तेव्हा अशा एका राणीला 170 पौंडांपर्यंत मिळत. मे महिन्यात न्यायालयाने या दोघांना आणि वेगळ्या प्रकरणातल्या आणखी दोघांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाची कैद सुनावली. हत्तीचे दात आणि गेंड्याची शिंगं यांसाठी उभी केलेली यंत्रणा मुंगीसाठीही वापरावी लागली, याचं अनेकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. जिथे हौस आहे आणि हौसेला मोल देणारा आहे, तिथे जिवाचा आकार कोणी पाहत नाही.

मुंग्या पाळण्याच्या छंदाला मी कमी लेखत नाही. या छंदाने विज्ञानाला पुष्कळ दिलं आहे. इंग्लंडमधले बँकर आणि खासदार जॉन लबक यांनी दोन काचांच्या मध्ये माती भरून मुंग्या ठेवल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पाहिलं. त्यातून 1882 मध्ये त्यांचं मुंग्या-मधमाश्यांवरचं पुस्तक निघालं. आपल्याकडे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लेखमाला लिहिली. जंगलखात्याचं काम सांभाळून हा माणूस मुंग्या ओळखत बसला, आणि त्या कामाचा आधार पुढच्या अभ्यासकांना झाला. मुंगी किती जगते हेसुद्धा पाळणाऱ्यांमुळेच कळलं. साध्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीत 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे.

पाळण्याची रीतही साधी आहे. परीक्षानळीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, कोरड्या भागात राणी सोडायची आणि तोंडाला दुसरा बोळा लावून नळी अंधारात ठेवायची. आपल्या काळ्या मुंगळ्याची राणी या काळात काही खात नाही. पंख गेले, आता पंखांचे स्नायू कशाला हवेत? तिच्या अंगातले ते स्नायू विरघळतात, आणि त्यांतून व चरबीतून ती पहिल्या अळ्यांना तोंडाने भरवते. अळ्या कोष विणतात. दीड-दोन महिन्यांनी कोष फुटतो आणि नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा पुष्कळ लहान, फिकट रंगाचे पहिले कामकरी बाहेर येतात. त्यांना साखरपाण्याचा थेंब दिला की ते पिऊन थेट आईकडे जातात आणि तोंडाला तोंड लावून तिला पाजतात. कित्येक आठवड्यांचा उपवास तिथे सुटतो. शाळेतल्या लेकरांना हे एकदा दाखवावं. जीवशास्त्राचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

मग माझा विरोध कशाला? विकण्याला.

कबुतरं, मासे, कोंबड्या पाळणारा त्यांची पैदास करतो. मुंग्यांच्या बहुतेक जातींत ते जमत नाही, कारण त्यांचं मीलन मोकळ्या हवेत, अनेक वारुळांतले नर-मादी एकाच वेळी उडतात तेव्हा होतं. पेटीत ते घडवता येत नाही. म्हणजे बाजारात आलेली जवळजवळ प्रत्येक राणी कुणाच्या तरी रानातून उचललेली असते. व्यापारी इथे काही पिकवत नाही, फक्त काढून नेतो.

यावर उत्तर तयार असतं: उडालेल्या राण्यांतल्या बहुतेक पक्षी, पाली, बेडूक खातातच, मग आपण एक उचलली तर काय बिघडलं? एक उचलली तर खरंच काही बिघडत नाही. अंगणातली एक राणी घेणाऱ्या पोराला मी कधीच अडवणार नाही. पण भाव फुटला की हिशेब बदलतो. मग एकाच माळावर, नेमक्या उड्डाणाच्या दिवशी, रोजंदारीवर माणसं लावून शेकड्यांनी राण्या वेचल्या जातात आणि जी जात जितकी दुर्मीळ तितकी तिच्यावर धाड मोठी पडते. महाराष्ट्राने हे मांडुळाच्या बाबतीत पाहिलं आहे. शेतात निमूट राहणारा हा साप. पण जितकं वजन जास्त तितका लाखांचा भाव, अशी आवई उठली आणि कायद्याचं संरक्षण असूनही त्याची तस्करी थांबेना.

पेटीत पैदास होत नाही, याला एक अपवाद आपल्याच देशातला आहे. मद्रासकडचे शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन यांनी 1851 मध्ये एका भारतीय मुंगीचं वर्णन केलं, ती उड्या मारणारी हार्पेग्नाथोस सॅल्टेटर. मोठे डोळे, लांब जबडे, आणि भक्ष्यावर झेप. हिची राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू सुमारे पाचव्या हिश्शाने आक्रसतो. पुन्हा कामकरी व्हावं लागलं तर तो पूर्ववत वाढतो. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. या मुंग्यांचं मीलन वारुळातल्या वारुळात होऊ शकतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्या पिढ्या वाढतात.

विक्रीतला दुसरा धोका रानातल्या या उपशाहून मोठा आहे. विकलेली मुंगी परक्या मुलखात जाते. 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पाचशेहून अधिक जाती तपासल्या. आक्रमक म्हणून बदनाम असलेल्या जातींचं प्रमाण त्यांत फार जास्त निघालं. कारण उघड आहे: जी मुंगी कुठेही तगते, काहीही खाते, तीच पाळायलाही सोपी. ख्रिसमस बेटावर पिवळ्या वेड्या मुंगीने लाल खेकड्यांचा कोट्यवधींनी फडशा पाडला. त्याच मुंगीने 2022 मध्ये तमिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात डोंगराकडेच्या गावांना हैराण केलं. अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडून राणी पाठवायला परवाना लागतो. तिथल्या खेळण्यांच्या दुकानांतून 1956 पासून लाखोंनी खपलेल्या मुंग्यांच्या पेट्यांत राणी नसते, ती याच कारणाने.

आपल्याकडे 2002 चा जैविक विविधता कायदा आहे. परदेशी व्यक्तीला इथलं जैविक धन संशोधनासाठी किंवा धंद्यासाठी न्यायचं तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. 2008 मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला उद्यानात किडे गोळा करणारे दोन चेक नागरिक पकडले गेले आणि दोषी ठरले, तेव्हा कायद्याला दात आहेत हे दिसलं. याच कायद्याने गावोगावी जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. त्या नोंदवहीत झाडं-पाखरं यावीतच, पण बाभळीवर किड्यांची राखण करून त्यांचा गोड रस पिणारा मुंगळा आणि धुऱ्यावर धान्याच्या सालपटांचं कडं रचणारी मुंगीही यावी. जे नोंदलेलंच नाही, ते कुणी नेलं तर आपल्याला कळणार तरी कसं?

तेव्हा येत्या मृगात मुंगी पाळायची असेल तर आपल्याच शिवारातली एक राणी घ्या. विकत घेऊ नका, विकू नका, कुरियरने दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू नका. सांभाळणं जड झालं तर जिथून उचलली त्याच धुऱ्यावर नेऊन सोडा.