अर्ज की याचना?



आपल्या वस्तीत असा एखादा म्हातारा असतोच. उभा जन्म खडी फोडण्यात आणि ऊस तोडण्यात गेला. आता गुडघे धरले, नजर अधू झाली. शेजारी म्हणतात, "आबा, तहसील कचेरीत पगारासाठी अर्ज करा." आबा मान हलवतात. "माझ्या बापानं येसकरकीची भाकर मागितली. आम्ही ती सोडली. आता म्हातारपणी पुन्हा हात पसरू काय?"

त्यांना हसू नका. ज्या पिढीने गावकीची कामे टाकली आणि त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला, तिने स्वाभिमानाची किंमत मोजलेली आहे. म्हणून त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे. अर्ज करणे म्हणजे भीक मागणे काय?

त्या भाकरीकडेच पाहा. येसकर दिवसभर गावाची कामे करी. भाकर ही त्याची मजुरी होती. पण ती भीक म्हणून वाढली जाई. घरधन्याने वाढली तर वाढली, नाही म्हटले तर दाद कोठे मागणार? देणाऱ्याची मर्जी हीच भिकेची खूण होय.

आता ही खूण पेन्शनला लावून पाहा. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या राज्यघटनेतील ४१ वे कलम वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याचे काम राज्यावर सोपविते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. वयाची ६५ वर्षे होण्यापूर्वीच अपंगत्वाने वा गंभीर आजाराने ज्याचे हात थांबले, त्याच्यासाठी ती आहे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. वय, रहिवास, उत्पन्न या अटी लेखी आहेत. अर्ज नाकारला तर कारण विचारता येते. येसकराला कारण विचारता येत होते काय?

हे खरे, की ३७ व्या कलमानुसार ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. ४१ व्या कलमातही राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातलेली आहे. म्हणूनच रक्कम तुटपुंजी राहते. वृद्धांना महिना १,००० रुपये मिळत, ते २०२३ साली १,५०० झाले. पण जो हक्क कोणी मागत नाही, तो कागदावरच राहतो. काल गावाने आपल्या मजुरीला भीक म्हटले. आज आपणच आपल्या हक्काला भीक म्हणावे काय?

मात्र एक कठीण गोष्ट बोललीच पाहिजे. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे २१,००० रुपये ठरलेली आहे. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नव्हेत! मग दलाल भेटतो. तो म्हणतो, "उत्पन्न कमी लिहू, मुलगा वेगळा दाखवू." बांधवांनो, चौथे शील आपण विहारात म्हणतो, ते कचेरीच्या दारात ठेवून आत जाता येत नाही. मर्यादा अन्यायाची असेल तर ती वाढवा म्हणून उघड मागणी करा, मोर्चा काढा. आणि या सत्यापायी जिचा अर्ज बसत नाही, त्या म्हातारीला उपाशी ठेवू नका. सत्याची किंमत तिने एकटीने का मोजावी? तिच्या ताटाची काळजी वस्तीने घेतली पाहिजे.

तरुणांनो, पेन्शन सुरू झाली म्हणजे तुमचे कर्तव्य सरले असे समजू नका. आंधळ्या आईबापांची सेवा करणाऱ्या मुलाची कथा साम जातकात आहे. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात ती रंगविलेली आहे. राज्याने आपला वाटा द्यावा, मुलाने आपला. एकाने दिले म्हणून दुसरा सुटत नाही.

तेव्हा उद्या आबांबरोबर कचेरीत जा. वयाचा पुरावा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक बरोबर घ्या. अर्जात काय लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. दलालाला पैसा देऊ नका. अर्जाची पोच मागून घ्या. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायची आठवण ठेवा.

आणि आबांना सांगा, कारकुनापुढे हात जोडायचे कारण नाही. ताठ बसा. तुमच्या बापाला जी पोच कधी मिळाली नाही, ती घ्यायला आपण आलो आहोत.

जयभीम!