नवसाचं ताट

वेल्हे तालुक्यातल्या एका गावची जत्रा चैत्रात असते. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यातल्या एका घरातला तरुण शिरवळच्या कंपनीत कामाला जातो आणि रविवारी उपासनेला भोरला येतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या लहानपणच्या मित्राचं पोर तापानं फणफणलं, पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मित्राच्या वडिलांनी देवीला बकरं कबूल केलं. त्याच रात्री मित्रानं याला फोन केला : तूही तुझ्या देवाला सांग. यानं गुडघे टेकून सांगितलं. पोर बरं झालं. आता नवस फिटायचा आहे आणि म्हातारा स्वतः घरी येऊन सांगून गेलाय, पहिल्या पंगतीला तू माझ्या शेजारी बसायचं.

जेवावं की जेवू नये, एवढंच त्याला विचारायचं होतं. उपासना उरकल्यावर त्याच्या आत्याच्या घरी आम्ही चहाला बसलो होतो. तिथं त्यानं ते विचारलं आणि दुपार सरली.

गुरुजींनी शास्त्र उघडलंसुद्धा नाही. ते निवृत्त शिक्षक. पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन 1893 मध्ये सुरू झालं, त्याचं एक ठाणं नसरापूरला होतं. त्या मिशनच्या शिकवणुकीत त्यांचं घराणं वाढलं. वचनं त्यांना अध्यायासकट पाठ आहेत.

“नाही जेवायचं,” ते म्हणाले. “यरुशलेमच्या सभेनं परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर फार थोडी बंधनं घातली. त्यातलं हे एक. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. आणि प्रकटीकरणात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना प्रभू दोष देतो तो याच गोष्टीसाठी.”

“पण गुरुजी, पौल तर म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही. खाल्ल्यानं आपण देवाच्या जवळ जात नाही आणि न खाल्ल्यानं लांबही जात नाही.”

“करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय. म्हणतो खरं. दहावा वाच. तिथं तोच म्हणतो की ते यज्ञ भुतांना होतात आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याला त्या मेजावर बसता येत नाही.”

“मग त्याचं खरं कुठलं धरू?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. शतकानुशतकं वाचणारे इथं अडखळले आहेत. मला स्वतःला वाटतं, पौलाच्या डोळ्यांपुढं करिंथ शहर ठेवलं की गाठ थोडी सैल होते. रोमनांनी इ. स. पूर्व 146 मध्ये ते उद्ध्वस्त केलं, इ. स. पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरनं पुन्हा वसवलं. पौल तिथं गेला तेव्हा ते नव्या श्रीमंतीचं, देवळांनी गजबजलेलं बंदर होतं. तिथल्या उत्खननात आजार बरे करणाऱ्या अस्क्लेपियस या देवाचं स्थान सापडलं. त्याला लागून पंगतीच्या खोल्या आहेत, भिंतींना कडेनं बैठका. पौलाच्या कितीतरी आधी लोकांनी त्या देवाला वाहिलेले भाजक्या मातीचे हात, पाय, कान तिथं ढिगांनी निघाले. बरं वाटलं की तो तो अवयव वाहायचा. आपल्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात, तेच हे. म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाच्या घरचं जेवणाचं बोलावणं करिंथच्या विश्वासणाऱ्यांनाही येत असणार. या तरुणाचा प्रश्न त्या मंडळीला नवा वाटला नसता.

पौल तीन जागांबद्दल बोलतो, असं मी म्हटलं. देवळातली पंगत : तिथं बसू नका. बाजारातलं मांस : कुठून आलं ते विचारू नका, घ्या. आणि अविश्वासणाऱ्याच्या घरचं आमंत्रण : जायचं असेल तर जा, पुढ्यात येईल ते खा, पण हा नैवेद्य आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी, तुमच्या नव्हे.

“मग जत्रा कुठल्या जागेत बसते?” तरुणानं विचारलं. “बकरं देवळापुढं पडतं. निवद दाखवतात. मटण घरी येतं, अंगणात चुलवण पेटवून हंड्यात शिजतं, मांडवात पंगत बसते. देऊळ म्हणावं तर नाही. बाजार तर नाहीच. आणि घर म्हणावं, तर येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला दारातच भंडारा लावतात. आणि नैवेद्य आहे हे मला कुणी सांगायची गरजच नाही. म्हातारा तेच सांगायला आला होता.”

“मग तर उत्तर स्पष्टच आहे,” गुरुजी म्हणाले.

आत्या एवढा वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. “गुरुजी, तुम्ही दोघं मटणाचं बोलताय. मी ताटाचं विचारते.”

“ताटाचं म्हणजे?”

“माझ्या लहानपणी जत्रेला आमचा वाटा असायचा. पंगती उठल्यावर. आम्ही मांडवाच्या भायेर उभं राहायचं. आय पदर पसरायची, आणि वरनं टाकायचे, हात लागू नये म्हणून. रस्सा पातळ असला तर पदरातनं गळायचा, तिच्या पायावर. गरम. ती हलायची न्हाई, हललं तर भाकरी खाली पडंल म्हणून.” ती जरा थांबली. “त्याच आळीतलं घर हाय हे. त्या घरचा म्हातारा आज याला शेजारी बसवतोय. पहिल्या पंगतीला. आणि हा त्याला सांगणार, तुझं अन्न मला चालत न्हाई. गुरुजी, हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. आता आम्हीच म्हणायचं का?”

कुणीच बोललं नाही. मग तीच म्हणाली, “अंत्युखियात पेत्र उठून गेला होता ना पंगतीवरनं?”

गेला होता. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो मागं सरला आणि त्याच्या नादानं बर्णबासुद्धा वाहवला. तेव्हा पौलानं सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं. करिंथकरांना काही पंगतींपासून दूर राहायला सांगणारा पौल तो हाच. अंत्युखियात मात्र पंगतीवरून उठणं त्याच्या लेखी सुवार्तेशी बेइमानी होती. एकाच माणसाच्या दोन पत्रांत ताट सोडण्याला दोन उलटे अर्थ आहेत, आणि आत्यानं नेमकं त्यावर बोट ठेवलं.

न जेवण्याचा अर्थ आपल्या मुलखात किती खोल जातो, हे आठवायला पुण्याच्या पेठांपलीकडं जायला नको. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली आणखी प्रतिष्ठित मंडळी हजर होती. कुणी प्याले, कुणी नुसता पेल्याला हात लावला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक कप चहा एवढा जड होता. तो म्हातारा आमंत्रण द्यायला ज्या उंबऱ्यावर येऊन गेला, तिथवर यायला त्याच्या घराला किती वर्षं लागली असतील याचा हिशेब आत्याच्या मनात होता. तो बाजूला सारून वचनाचा अर्थ लावणं मला तरी जमणार नाही.

पण गुरुजीही कच्चे नव्हते. ते सावकाश बोलले, आवाजात धार नव्हती.

“बाई, तुमच्या आईच्या पदरातलं मी विसरून बोलत नाही. माझ्याही घरात तेच होतं. पण इथून वरंधा घाट उतरलं की महाड. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायला लावलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायलाही सांगितलं. पाणी घ्यायचं आणि तो वाटा नाकारायचा. दोन्ही एकाच वेळी. नाकारण्यानंही माणूस ताठ उभा राहतो. आपल्याला मान मिळाला एवढ्यासाठी समोर येईल ते घ्यायचं ठरवलं, तर पदर अजून पसरलेलाच आहे असं मी म्हणेन.”

आत्यानं मान हलवली. पटलं म्हणून की दुखलं म्हणून, ते मला कळलं नाही.

मग तरुणानं आतापर्यंत न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याच्या गावच्या वरच्या वाडीत एक बाई आहे. वर्षभरापासून ती प्रार्थनेला येऊ लागली आहे. जत्रेत तिच्या अंगात यायचं. पालखी निघाली की ती घुमायची, लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे. ते सुटलं, पण भीती सुटलेली नाही. हलगी वाजली की अजून तिचे हात थरथरतात. ती जत्रेच्या दिवशी घराचं दार लावून बसणार आहे.

“तिला कळलंच की मी पहिल्या पंगतीला बसलो,” तो म्हणाला. “गावात असं काही लपत नाही. मग ती काय समजेल?”

पौलाचा दुर्बळ बंधू तो हाच. आठव्या अध्यायात ज्ञानी माणसाला तो बजावतो की तुझ्यासाठी मूर्ती काही नसेल, पण जो कालपर्यंत तिच्यापुढं थरथरत होता त्यानं तुला तिथं जेवताना पाहिलं तर त्याचा नाश होईल. आणि असं असेल तर मी स्वतः कधीच मांस खाणार नाही. आजवर हा मजकूर मी एकट्या दुर्बळाला धरून वाचत आलो होतो. इथं दोघं आहेत. वाडीवरची बाई, जिला याच्या जेवण्यानं ठेच लागेल. आणि तो म्हातारा, ज्याला याच्या न जेवण्यानं लागेल. कदाचित ज्याच्या मनात उद्या असं बसेल की ख्रिस्ताचे लोक पोरासाठी प्रार्थना करतात, पण पोराच्या आनंदात पंगतीला बसत नाहीत. एकाला सांभाळायचं तर दुसऱ्याला दुखवायचं. दोघांना एकदम सांभाळायचं कसं, हे त्या अध्यायात लिहिलेलं नाही.

मी नामानाचं नाव काढलं. अरामी सेनापती, कोड बरं झालेला. इस्राएलाच्या देवाशिवाय दुसऱ्याला यज्ञ करणार नाही असं त्यानं अलीशाला सांगितलं आणि इस्राएलाच्या भूमीतली माती दोन खेचरांवर लादून मागितली. पण एक अडचणही मांडली. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर भार देऊन वाकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची क्षमा व्हावी. अलीशानं होही म्हटलं नाही आणि नाहीही. शांतीनं जा म्हणाला.

“हे वचन मला फार वर्षं सलतंय,” गुरुजी म्हणाले. “संदेष्ट्यानं नियम का सांगितला नाही?”

“त्यानं आधी येऊन सांगितलं म्हणून असंल,” आत्या म्हणाली. “चोरून वाकला न्हाई तो.”

मला हे पटलं. नामान स्वतःची पळवाट शोधत नव्हता. राजाला हाताचा आधार लागत होता आणि तो काढून घेणं त्याला बरोबर वाटत नव्हतं. पण मन कुणाला वाहिलं आहे, हे त्यानं ज्याला सांगायला हवं त्याला सांगून टाकलं होतं. त्या दुपारी माझं मत बनलं ते असं : पौल ज्या मनाची काळजी घ्यायला सांगतो ते समोरच्याचं मन आहे, आणि समोरच्याचं मन आपण भोरला चहा पीत ठरवू शकत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. आम्ही त्या बाईबद्दल आणि म्हाताऱ्याबद्दल दोन तास बोललो होतो. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“समजा मी जत्रेआधीच म्हाताऱ्याकडं गेलो,” तरुण म्हणाला. “सांगितलं, तुमच्या पोरासाठी मीही मागितलं होतं, मलाही आनंद आहे. मांडवाचं काम करतो, पाणी भरतो, पंगतीत तुमच्या शेजारी बसतो. भाकरी खातो, पण निवदाचं घेत नाही. कुणाचा मान मोडायला नव्हे.”

“मांडवात बसणं म्हणजे त्यात असणंच की,” गुरुजी म्हणाले.

“असू दे. पण लांब राहिलो तर म्हातारा काय समजंल? आणि वाडीवरच्या बाईला आधी सांगतो, मी जाणार आहे, का जाणार आहे, आणि काय खाणार नाही. तिला ते सोसवत नसेल तर ती सांगेल.”

“ती न्हाई सांगायची,” आत्या म्हणाली. “ती तुला मोठा मानते, मान डोलवंल फक्त. तिच्याकडं मी येते. बायामाणसाशी बायामाणूस बोललेलं बरं. आणि जत्रेच्या दिवशी तिच्या घरी मी बसते, हलगी थांबेपर्यंत. तुम्ही सगळं तिनं काय पाहिलं तर काय होईल ते बोलता. ती एकटी दार लावून बसणार, त्याचं काय?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “म्हाताऱ्याकडं मीही येतो,” ते म्हणाले. “पण एक विचारतो. तू हे सगळं नीट सांगितलंस आणि तो म्हणाला की तू घास घेतल्याशिवाय माझा नवस फिटत नाही, माझ्या नातवासाठी तू मागितलंस, तर त्यात तुझाही वाटा आहे. मग?”

तरुण बराच वेळ गप्प राहिला. “मग मला नाही म्हणावं लागेल,” तो म्हणाला. “पण ते त्याच्या तोंडावर म्हणेन, आणि उठून जाणार नाही.”

“तो उठवंल तर?” आत्यानं विचारलं.

“तर मांडवाच्या भायेर उभा राहीन. पंगत उठेपर्यंत.”

यावर गुरुजी काही बोलले नाहीत. वेल्ह्याची एसटी कितीला आहे ते त्यांनी विचारलं आणि शुक्रवारी जायचं ठरलं.