पाण्यावर सोडलेले पाणी

एखाद्या वस्तूवरचा हक्क कायमचा टाकला, की मराठीत त्या वस्तूवर ‘पाणी सोडले’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार दानविधीतून आलेला आहे. पळीतले पाणी हातावरून ताम्हनात सोडताना दाता त्या वस्तूशी असलेले आपले नाते सर्वांसमक्ष तोडतो. परंतु देण्याची वस्तू पाणी हीच असेल, तर ते कोणाला दिले जाते, दिल्यानंतर कोणाचे उरते, आणि त्यात कोणी उतरावे, कोणी प्यावे, कोणी धुणे धुवावे हे कोण ठरवते, हा प्रश्न धर्मशास्त्राने गांभीर्याने हाताळला आहे. तलावांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठाण्याला हा प्रश्न परका नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका ज्याच्या नावावर आहे, तो अपरादित्य बाराव्या शतकातील उत्तर कोकणचा शिलाहार राजा होता, आणि श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे हे त्या घराण्याच्या सत्तेचे प्रमुख केंद्र होते.

धर्मशास्त्र पुण्यकर्माचे दोन भाग करते. यज्ञ, अग्निहोत्र ही कर्मे ‘इष्ट’ होत. विहीर, तलाव, देऊळ, अन्नछत्र, बाग अशी लोकोपयोगी कामे ‘पूर्त’ होत, आणि दोन्हींना मिळून ‘इष्टापूर्त’ म्हणतात. तलाव खणून झाला म्हणजे पूर्त पुरे होत नाही, त्यासाठी ‘उत्सर्ग’ हा विधी करावा लागतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील जो फरक स्पष्ट केला आहे, तो या विषयाचा गाभा आहे. दानात देणाऱ्याची मालकी संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते. उत्सर्गात देणाऱ्याची मालकी संपते, पण दुसऱ्या कोणाचीही सुरू होत नाही. हे पाणी सर्व भूतांसाठी, म्हणजे माणसांसह गुराढोरांसाठी आणि पाखरांसाठी, सोडले आहे असे यजमान उच्चारतो, आणि त्यानंतर स्वतः त्याच पाण्याला जातो तो मालक म्हणून नव्हे, तर त्या सर्वांपैकी एक म्हणून. सार्वजनिक मालमत्तेची कल्पना आधुनिक राज्यकारभारातून आली असे मानण्याची सवय जडलेल्या वाचकाने या विधीकडे थांबून पाहावे. येथे मालकी राजाकडे जात नाही, देवस्थानाकडेही जात नाही; ती विसर्जित होते.

या विचाराची दुसरी बाजू स्नानाच्या एका नियमात दिसते. दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करण्यापूर्वी तळातून मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. तसे न करणाऱ्याला तलाव बांधणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो, अशी समजूत मनुस्मृतीत आढळते. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत (ही टीका रचली गेली ते कल्याण ठाणे जिल्ह्यातले नव्हे, तर आजचे बसवकल्याण) ‘दुसऱ्याचे पाणी’ याचा अर्थ सर्वांसाठी न सोडलेले पाणी असा केला आहे. म्हणजे स्मृतिकारांच्या दृष्टीने पाण्याचे दोन प्रकार होते, सोडलेले आणि राखून ठेवलेले. राखलेल्या पाण्यात उतरणाऱ्याने काही मोल द्यायचे होते, आणि ते मोल पैशाचे नसून गाळाचे होते. पाच गोळ्यांनी तलाव साफ होत नाही. पण वर्षभरात उतरणाऱ्या शेकडो माणसांनी प्रत्येकी तेवढी माती वर आणली, तर पाणी वापरणे आणि पाणी राखणे या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत. पापपुण्याची भाषा बाजूला ठेवली तरी या नियमाचे शहाणपण कमी होत नाही.

स्नानापाठोपाठ धुणे येते, आणि तेथे प्रश्न अवघड होतो. ‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ निर्मळपणा असा असून त्याचे बाह्य आणि आंतर असे दोन प्रकार मानले जातात. मनूने देहाची शुद्धी पाण्याने आणि मनाची शुद्धी सत्याने होते असे म्हटले आहे. योगसूत्रांनी शौचाला नियमांमध्ये पहिले स्थान दिले आहे. परंतु व्यवहारात स्वच्छ आणि शुद्ध हे शब्द एकमेकांपासून फार दूर गेले. परटाने पापडखारात भिजवलेले, भट्टीवर रात्रभर वाफवलेले, दगडावर आपटून खळखळून काढलेले आणि निळीत बुडवून उन्हात वाळवलेले धोतर यापरते स्वच्छ वस्त्र नाही. ‘परीटघडी’ हा शब्द मराठीत निष्कलंकपणाचा पर्यायच झाला आहे. तरीही ते वस्त्र सोवळ्याला चालत नसे. सोवळ्याच्या घरात ते पुन्हा पाण्यातून काढून, कोणाचा स्पर्श होणार नाही असे उंच काठीवर वाळत घालावे लागे. मळ काढणारा हात मळापेक्षा अधिक अपवित्र ठरला, ही शुद्धीच्या कल्पनेने केलेली मोठी चूक होय, आणि तिचे समर्थन आंतरशौचाच्या कोणत्याही व्याख्येतून करता येत नाही.

फ्रान्सच्या खेड्यांतील जुनी धुण्याची ठिकाणे येथे तुलनेला उपयोगी पडतात. ‘लाव्हुआर’ म्हणजे झऱ्याच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर बांधलेला, बहुधा छप्पर असलेला सार्वजनिक हौद. त्याच्या उतरत्या दगडी काठाशी बायका गुडघ्यांवर बसून धुणे धोपाटण्याने बडवीत. पटकीच्या साथींनंतर स्वच्छतेचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा 3 फेब्रुवारी 1851 च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे आणि धुण्याची ठिकाणे बांधण्यासाठी सहा लाख फ्रँकची तरतूद केली. अनेक गावांत या पाण्याची वाट ठरलेली असे. झरा आधी पिण्याच्या कारंज्यात पडे, तेथून गुरांच्या डोणीत आणि शेवटी धुण्याच्या हौदात. हौदातही खळबळण्याचे पाणी वरच्या अंगाला आणि साबणाचे खालच्या अंगाला. हा क्रम कामांचा होता, आणि तो पाण्याच्या उतारानेच घालून दिलेला होता. मराठी मुलखातही पाणवठ्यांना वरचे आणि खालचे अंग होते, पण तेथे क्रम कामांऐवजी माणसांचा लावला गेला. उताराची जागा उतरंडीने घेतली.

या विसंगतीचा सर्वांत कठोर पुरावा महाडचे चवदार तळे देते. पूर्तधर्माचा अधिकार शूद्रालाही आहे असे अत्रिस्मृतीसारखे ग्रंथ सांगतात. म्हणजे तलाव खणून पुण्य जोडण्याची मुभा वैदिक कर्मापेक्षा अधिक रुंद होती. पण ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांना सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्याची ओंजळही मिळत नव्हती, आणि त्याच पाण्यावर गुरे पाणी पीत होती. महात्मा फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना 1789 मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली, कारण त्यांच्या मते प्रश्न तहानेचा नव्हता, समतेचा होता. न्यायालयीन लढा 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला, तेव्हा बहिष्काराची रूढी अनादिकालीन असल्याचे सिद्ध होत नाही असा निर्णय झाला. उत्सर्गाच्या कसोटीवर पाहिले तर तळे बाटले ते ओंजळीने नव्हे. सर्व भूतांना दिलेले परत घेऊन कोणाला तरी वगळले गेले, त्या दिवशीच ते बाटले होते.

परीट कुळात 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी या चुकीचे उत्तर ग्रंथाने दिले नाही. गावात शिरताच खराटा हाती घेऊन ते रस्ता झाडू लागत, आणि कीर्तन त्यानंतर होई. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधला, इतर क्षेत्रांत धर्मशाळा उभ्या केल्या. ज्या कुळाच्या हाताने धुतलेले कापड सोवळ्याला चालत नव्हते, त्याच कुळातील पुरुषाने बांधलेल्या पायऱ्यांवरून भाविक स्नानाला उतरू लागले. स्वच्छता आणि शुद्धी यांची ताटातूट मोडणारे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात सापडणे कठीण आहे.

आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत धुणे घराच्या भिंतीआड गेले आहे, आणि नळाचे पाणी उल्हास, भातसा, बारवी यांच्याकडून येते. कोपिनेश्वराच्या देवळाजवळचा मासुंदा तलाव, कल्याणचा काळा तलाव ही फिरण्याची, नौकाविहाराची आणि विसर्जनाची ठिकाणे झाली आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले. त्याच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीत पुढे उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वर्षानुवर्षे सोडले गेले. परटाच्या दगडाखालचे पाणी मळत असे, ते पुढच्या वळणावर निवळतही असे. वालधुनीला तेवढी उसंत मिळाली नाही. ‘पाणी सोडणे’ या शब्दांचा अर्थ येथे पूर्ण उलटा झाला. उत्सर्ग करणारा पाण्यावरचा आपला हक्क सोडत असे, कारखाना पाण्यावर आपला मळ सोडतो, आणि दोघेही नंतर म्हणतात की ते आता आपले नाही.

म्हणून या शहरांतील महापालिकांकडे आणि देवस्थानांकडे एक मागणी करणे योग्य ठरेल. तलावांना कुंपणे घालताना प्रत्येक काठावर पाण्यापर्यंत पोचणारी एक तरी पायवाट मोकळी ठेवावी, आणि उन्हाळ्यात गाळ काढण्याचे काम सुरू होईल तेव्हा नागरिकांना तेथे येऊ द्यावे. ज्यांना विसर्जनासाठी त्या पाण्यात उतरायचे आहे, त्यांनी त्याआधी पाच पाट्या गाळ वर आणावा.